वाचक विचारतात : अंगाशी आलेले सौदे आणि पैशाने घेतलेली विजेतेपदं

आयपीएलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवर चर्चा सुरू झाली की गाडी हमखास अमेरिकेतल्या बेसबॉलवर जाते. या विषयावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

बेब रूथला विकणं हा बेसबॉलमधला सर्वांत एकतर्फी सौदा मानतात. तो खरंच तसा होता का? (राजारामपुरीतील वाचक)

नुकसान म्हणून पाहिलं तर होता. पण ती अदलाबदल नव्हती, सरळ विक्री होती. डिसेंबर १९१९ मध्ये बोस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी १ लाख डॉलर घेऊन रूथला न्यूयॉर्क यांकीजला दिलं. शिवाय फेनवे पार्क मैदान तारण ठेवून यांकीजकडून कर्जाची सोय करून घेतली. रूथने कारकिर्दीत ७१४ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले, त्यातले ६५९ यांकीजकडून. १९१८ नंतर बोस्टनला पुढचं विजेतेपद मिळालं ते थेट २००४ मध्ये.

खेळाडू देऊन खेळाडू घेण्याचा सौदा कसा फसतो, हे बघायचं तर ३० ऑगस्ट १९९० कडे बघा. संघ पुन्हा बोस्टनच! गटात अव्वल राहायला त्यांना उरलेल्या महिन्यासाठी एक रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्यात येणारा बदली गोलंदाज) हवा होता. ह्यूस्टनने ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन दिला आणि बदल्यात दुय्यम लीगमधला जेफ बॅगवेल घेतला. अँडरसनने कामात कसूर केली नाही. २२ इनिंग्जमध्ये जेमतेम ३ अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरल्या जाणाऱ्या धावा) दिले आणि बोस्टनने गट जिंकलाही. मग प्लेऑफमध्ये ओकलंडकडून ०-४ असा मार खाल्ला आणि हंगाम संपताच अँडरसन दुसरीकडे गेला. बॅगवेल थर्ड बेसवर खेळायचा आणि ती जागा बोस्टनमध्ये वेड बॉग्ज अडवून होता. ह्यूस्टनने त्याला फर्स्ट बेसवर हलवलं. ४४९ होमरन, १९९४ चा सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम (दिग्गजांचं सन्मानदालन), हे सगळं त्याने एकाच संघात राहून कमावलं.

सौदा फसणार हे त्याच दिवशी ओळखता येतं का? की नंतर निकाल बघून शहाणपण सांगायचं? (कसबा बावड्यातील वाचक)

बरंचसं ओळखता येतं. आधी करार बघा. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळाडूची ६ वर्षांची सेवा भरेपर्यंत त्याच्यावर संघाचा हक्क असतो. पहिली तीन वर्षं साधारण किमान वेतनावर जातात, पुढची गरज पडल्यास लवादाने ठरवलेल्या पगारावर. त्यामुळे नुकत्याच आलेल्या पोरावर सहा वर्षांचा हक्क आणि नावाजलेल्या खेळाडूवर दोन महिन्यांचा, अशी अदलाबदल असेल तर नावाजलेल्याचा संघ जिंकतोय की नाही, एवढ्यावरच सगळं अवलंबून राहतं.

दुसरं, घाई कोणाला आहे? २००२ च्या जूनमध्ये माँट्रियल एक्सपोज संघच गुंडाळला जाण्याची भीती होती. उद्याची फिकीर नसल्यामुळे त्यांनी पिचर बार्टोलो कोलोनसाठी क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स अशी तीन तरणी पोरं क्लीव्हलंडला देऊन टाकली. तिघेही पुढे ऑल-स्टार (वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात) झाले. संघ मात्र गुंडाळला गेला नाही, वॉशिंग्टनला हलवला गेला.

तिसरं पिचरचं कोपर. १९६४ मध्ये शिकागो कब्जने लू ब्रॉक देऊन पिचर एर्नी ब्रॉग्लिओ घेतला. आदल्या हंगामात ब्रॉग्लिओच्या नावावर १८ विजय होते, म्हणजे त्या दिवशी कोणीही कब्जला वेड्यात काढलं नसतं. पण त्याचं कोपर गेलं आणि कब्जकडून तो एकूण ७ सामनेच जिंकला. ब्रॉकने सेंट लुईसला त्याच वर्षी विजेतेपद मिळवून दिलं आणि पुढे ३,००० हिट्सचा (बेस गाठून देणाऱ्या फटक्यांचा) टप्पा ओलांडला. पिचर घेताना दोन वर्षांतल्या इनिंग्ज आणि वेग कमी होतोय का, हे विजयांच्या आकड्याआधी तपासावं.

वयाचा नियम मात्र आंधळेपणाने लावू नका. सिनसिनाटीने १९६५ च्या डिसेंबरात फ्रँक रॉबिन्सनला ३० वर्षांचा ‘म्हातारा’ ठरवून बाल्टिमोरला दिला. पुढच्याच हंगामात त्याने फलंदाजीचा ट्रिपल क्राउन (सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा, तिन्हींत अव्वल) पटकावला आणि बाल्टिमोरने वर्ल्ड सीरिज ही अंतिम मालिका ४-० अशी जिंकली.

लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदं विकत घेतली, असं म्हणायला हरकत काय आहे? (इचलकरंजीतील वाचक)

अर्धी हरकत आहे. पैशाने प्लेऑफचं दार उघडतं. १६२ सामन्यांच्या हंगामात नशिबाचे चढउतार बरेचसे मिटतात आणि चांगला संघ वर येतो. प्लेऑफ म्हणजे छोट्या मालिका. समजा तुमचा संघ समोरच्या तगड्या संघाविरुद्ध प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे. पाच सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता होते ५९ टक्के, सात सामन्यांची ६१ टक्के. पहिली फेरी पुढे चाल मिळून टळली तरी एक पाचची आणि दोन सातच्या मालिका जिंकाव्या लागतात. तिन्हींचा गुणाकार करा, हाती २२ टक्के येतात. संघ आणखी भारी करून सामन्यागणिक शक्यता ६० टक्क्यांवर नेली तरी विजेतेपदाची शक्यता ३४ टक्केच होते. म्हणजे सर्वांत बलाढ्य संघही तीनपैकी दोन वेळा हात हलवत परत येणार.

२०२५ च्या वर्ल्ड सीरिजमधला सातवा सामना आठवा. टोरोंटो पुढे, नववी इनिंग, डॉजर्सचा एक गडी बाद. अशा वेळी बरोबरीचा होमरन मारला तो फलंदाजीच्या क्रमात शेवटी येणाऱ्या ३६ वर्षांच्या मिगेल रोहासने. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात टोरोंटोचे तिन्ही बेस भरलेले असताना त्यानेच होमप्लेटकडे (धाव पूर्ण होते त्या जागेकडे) चेंडू फेकून विजयी धाव रोखली आणि ती इंचांची लढत रिप्लेत तपासावी लागली. अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्स ५-४ असे जिंकले. डॉजर्सच्या महागड्या पिचर यामामोटोने या मालिकेत तीन सामने जिंकून दिले, हेही तितकंच खरं.

उलट उदाहरण न्यूयॉर्क मेट्सचं. २०२३ च्या सुरुवातीला पगारखर्च सुमारे ३५ कोटी डॉलर, त्यावर लक्झरी टॅक्स (पगाराची ठरावीक मर्यादा ओलांडल्याचा दंड) सुमारे १० कोटी, आणि निकाल ७५ विजय, ८७ पराभव. चाळिशीला टेकलेले दोन पिचर शेर्झर आणि व्हर्लँडर प्रत्येकी वर्षाला ४ कोटी ३३ लाखांवर घेतले होते. दोघांनाही पगाराचा मोठा वाटा स्वतःच उचलत हंगामाच्या मध्यावर दुसऱ्यांकडे धाडावं लागलं. शेर्झर ज्या टेक्सासकडे गेला तो संघ त्याच वर्षी विजेता ठरला! यांकीजचंही तेच : २००९ मध्ये सबाथिया, टेशेरा आणि बर्नेट यांच्यावर तिजोरी उघडून विजेतेपद घेतलं, पण २०२५ पर्यंत दुसरं आलं नाही.

आमचं मत असं : डॉजर्सचं यश नुसत्या खर्चात नाही. २०२० मध्ये बोस्टनने पगार कमी करण्याच्या नादात मूकी बेट्स सोडला, तेव्हा त्याच्या कराराचा एकच हंगाम उरला होता. डॉजर्सनी त्याला घेऊन लगेच १२ वर्षांसाठी साडेछत्तीस कोटींना बांधून टाकलं. वेळेवर खर्च करणं आणि नुसता खर्च करणं यात फरक आहे.

डॉजर्सच्या ओहतानीच्या करारातले ७० कोटी डॉलर खरेच ७० कोटी आहेत का? (गडहिंग्लजमधील वाचक)

आकडा खरा आहे, आजची किंमत कमी आहे. दहा वर्षं त्याला दरसाल फक्त २० लाख मिळतात. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये बिनव्याजी मिळतील. म्हणून लक्झरी टॅक्सच्या हिशेबात वर्षाला ७ कोटी न धरता सुमारे ४ कोटी ६० लाखच धरले जातात. २०२५ मध्ये टॅक्सची मर्यादा २४ कोटी १० लाख होती. पहिल्या वर्षी ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. फारच पुढे गेल्यास त्यावर आणखी अधिभार. ही मर्यादा म्हणजे बंदी नव्हे. आयपीएलमध्ये मात्र २०२५ साठी सगळ्यांना १२० कोटी रुपयांचीच थैली होती, त्यामुळे ऋषभ पंतवर २७ कोटी घालणाऱ्या लखनौला बाकीची माणसं उरलेल्या पैशातच बसवावी लागली. संघ सातवा आला.

शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाने वर्गणी काढून बाहेरचा महागडा स्ट्रायकर आणावा का? (मंगळवार पेठेतील वाचक)

लीगसाठी आणायचा तर हंगामाच्या सुरुवातीला आणा, म्हणजे जास्त सामन्यांत पैसे वसूल होतात. फक्त नॉकआउट स्पर्धेसाठी मोठी रक्कम ओतू नका. एक पेनल्टी हुकली की संपलं. बेसबॉलमध्ये तगडा फलंदाज नऊपैकी आपल्या पाळीत एकट्याच्या जोरावर धाव काढू शकतो. फुटबॉलमध्ये स्ट्रायकरला चेंडू पोचवणारा लागतो. गेल्या हंगामातले गोल खाल्लेले सामने मांडून बघा. निम्म्याहून जास्त सामने बचावामुळे गेले असतील तर तेच पैसे सेंटर-बॅक आणि गोलकीपरवर घाला. रक्कम एकदम देऊ नका. थोडी सही करताना, बाकीची खेळलेल्या सामन्यांवर. दुखापत झाली तर काय, हे कागदावर असू द्या. नोंदणीची मुदत आणि बाहेरच्या खेळाडूंची मर्यादा संघटनेकडून लेखी घ्या, वर्गणीची पावती फाडण्याआधी.