मुरमाची खाण सुरू करताना वरची माती कशी जपावी, म्हणजे नंतर जमीन पुन्हा लागवडीखाली आणता येईल?

आधी चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन मातीचा थर मोजा. एका हेक्टरवर 20 सेंटिमीटर थर असेल तर 2,000 घनमीटर माती निघते, आणि सैल झाल्यावर ढीग त्याहून मोठा होतो. तेवढी जागा आधीच राखून ठेवा.

वरची काळी माती आणि खालची मुरमाड माती वेगवेगळी काढा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. एकदा दोन्ही मिसळल्या की परत वेगळ्या करता येत नाहीत. माती ओली असताना जेसीबी घालू नका. मुठीत दाबून बघा: चिकट गोळा झाला तर थांबा, भुगा झाला तर काढा. ओली काळी माती चाकाखाली दाबली गेली की वाळल्यावर विटेसारखी होते.

ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि गांडुळं, जिवाणू मरतात. उकरल्यावर आंबूस वास आला तर तेच झालंय. माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ढिगावर ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताची पिकं) पेरा, वरच्या अंगाला चर काढा.

परत पसरताना खाणीचा दाबला गेलेला तळ रिपरने (यंत्रामागे लावलेल्या पोलादी दात्याने) अर्धा मीटर फोडा, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. मग मुरमाड माती, तिच्यावर काळी. पसरलेल्या मातीवरून डंपर अजिबात फिरवू नका.