ग्रंथसंग्राहक ते सभापती : आफ्रिकेतलं असं उदाहरण आहे का?

आहे. नायजरचे बुबू हामा. पेशानं शिक्षक, राजधानी नियामेतल्या संशोधन संस्थेचे प्रमुख असताना आणि पुढेही त्यांनी जुनी हस्तलिखितं गोळा केली. स्वातंत्र्यानंतर एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावापर्यंत ते राष्ट्रीय सभेचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, अध्यक्ष होते. उठावात सत्ता गेली आणि तुरुंगवास आला. संग्रह मात्र वाचला, आज तो नियामे विद्यापीठाच्या संस्थेत आहे.

एक खोच लक्षात ठेवा : यातली सगळी पानं अरबी भाषेतली नाहीत. काही 'अजमी' आहेत, म्हणजे लिपी अरबी, भाषा हौसासारखी स्थानिक. नुसती लिपी पाहून सूचीत 'अरबी' लिहिलं, की हौसा शोधणाऱ्याला ते पान सापडतच नाही. म्हणून नोंदीत लिपी आणि भाषा असे दोन वेगळे रकाने हवेत.