पॅरिस वाचताना आधी साल पाहा

प्रश्न : आमच्या नौपाड्यातल्या वाचनगटाने यंदा फक्त पॅरिसवरची पुस्तकं घेतली आहेत. रहस्यकथा, प्रेमकथा, थोडा इतिहास. पण ‘आठवं अरोंदिस्मां’, ‘के’ असले उल्लेख कळत नाहीत आणि ‘ले मिझराब्ल’मधले काही रस्ते मोबाइलच्या नकाशात सापडतच नाहीत. काय करावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुस्तक हाती घेतलं की कथा कोणत्या साली घडते ते आधी पाहा. १८५३ ते १८७० या काळात ओस्मान या पॅरिसच्या प्रशासकाने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. ह्यूगोची ही कादंबरी १८६२ची, पण कथानक मुख्यतः १८१५ ते १८३३चं, म्हणजे पाडापाडीच्या आधीचं. तिचे सगळे रस्ते आजच्या नकाशात कसे मिळतील? फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संकेतस्थळावर जुने नकाशे फुकट पाहता येतात. कथेच्या सालाजवळचा निवडा. शक्य असेल तर इतिहासाच्या पुस्तकातलं ओस्मानवरचं प्रकरण सगळ्यात आधी वाचा, पुढचं सगळं सोपं जातं.

अरोंदिस्मां म्हणजे प्रभाग. आज ते २० आहेत. लूव्र संग्रहालयापाशी पहिला, आणि तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चकलीसारखे बाहेर फिरत जातात. १८६०पूर्वी मात्र १२च होते आणि त्यांची मांडणीही निराळी. तेव्हाच्या आठव्यात सेंत-आंत्वानची कारागिरांची वस्ती होती, आजच्या आठव्यात शाँझेलिझे आहे. इथे गफलत झाली, तर सुताराला थेट श्रीमंतांच्या दारात नेऊन बसवाल.

रहस्यकथेत घरांचे क्रमांक जरूर पाहा. सेन नदीला समांतर रस्त्यांवर ते प्रवाहाच्या दिशेने वाढतात, बाकीच्यांवर नदीपासून दूर जाताना. अशा दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यावर संशयित ८० वरून १२ कडे पळाला, म्हणजे तो नदीकडे निघाला. ‘के’ म्हणजे नदीकाठचा रस्ता. सिमेनाँच्या रहस्यकथांतला पोलिस अधिकारी मेग्रे, त्याची कचेरी ३६, के देझोर्फेव्र इथे, सेनमधल्या सिते बेटावर. गुन्हे शाखेचे बहुतेक विभाग २०१७ साली तिथून सतराव्या प्रभागात गेले. आणखी एक : खुनाच्या प्रकरणात तपासाची सूत्रं तपास न्यायाधीशाकडे जातात. पोलिस त्याच्या आदेशाने चालतात. आपल्याकडे अशी पद्धत नाही, म्हणून तो मधेच कुठून उपटला असं वाटतं.

प्रेमकथांना एवढी तयारी लागत नाही. अंतरं तेवढी तपासा. मोंमार्त्रहून लक्झेंबुर्ग बाग चालत तासाभराची वाट आहे. जोडपं पाच मिनिटांत पोचलं, तर लेखकाने नकाशा पाहिलेला नाही.