पुनर्विकासाच्या बोलणीत बिल्डरसमोर एआय वापरावं का?

तुमच्या सोसायटीच्या समितीतले तरुण सभासद म्हणतात, बिल्डरच्या प्रत्येक मेलला चॅटजीपीटीकडून उत्तर लिहून घेऊ. आणि तुम्ही विचारताय, हे शहाणपणाचं आहे का. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय म्हणून सांगतो: एआय जरूर वापरा, पण हिशेबासाठी. मेल तुमचे तुम्ही लिहा.

हिशेबाने बोलणी सुटल्याचं मला पटलेलं उदाहरण चॅटबॉटच्या कितीतरी आधीचं आहे. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेत वाद अडला होता तो समुद्राच्या तळाशी खाणकाम करणाऱ्या कंपनीने आधी किती पैसे भरायचे यावर. विकसनशील देशांच्या वतीने भारताने एका जागेमागे ६ कोटी डॉलर मागितले. अमेरिका म्हणे, सुरुवातीला एक छदामही नाही. मग अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं एक संगणकीय मॉडेल पुढे आलं. त्यात आकडे घातले की अमुक अटीवर कंपनीला काय सुटेल ते दिसायचं. भारताच्या लक्षात आलं, की उत्पन्न सुरू होण्याच्या पाच वर्षं आधी एवढी रक्कम मागितली तर कुणी खाणकामाला उतरणारच नाही. अमेरिकेची माहिती बहुतेक खाणकंपन्यांकडूनच आलेली. त्यांना दिसलं की थोडी आगाऊ रक्कम परवडते. दोघंही सरकले, आणि माघार घेतली असं कुणालाच वाटलं नाही. (१९८२ साली करार झाला तेव्हा अमेरिकेने सही केली नाही, पण ते राजकारण निराळं.)

तुमचा बिल्डरही म्हणणारच, "एवढा वाढीव कार्पेट एरिया (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) परवडत नाही." ठीक, मग बघू या. पीएमसीच्या (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराच्या) फिजिबिलिटी रिपोर्टमधला एफएसआय (जागेवर किती बांधता येतं ते प्रमाण), टीडीआरचा (विकत घ्यायच्या जादा बांधकाम हक्कांचा) खर्च, बांधकामाचा दर, विक्रीचा भाव, काम चालू असताना सभासदांना द्यायचं भाडं, कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) हे सगळं एका शीटमध्ये आणा. सूत्रं एआयकडून बांधून घ्या, एखाद्या सीए सभासदाकडून तपासून घ्या. भाव दहा टक्के पडला तर? काम वर्षभर रखडलं तर? ती शीट मीटिंगमध्ये पडद्यावर लावा आणि बिल्डरला स्वतःचे आकडे घालू द्या. आमच्याकडे आवाज उतरले ते इथे.

आदल्या रात्री एआयला बिल्डर बनवून तालीमही करता येते. फक्त, तो तुमचीच री ओढायला लागतो, म्हणून आधी आपल्या मागणीतली भोकं दाखवायला सांगा. नियम मात्र त्याला विचारू नका. सभासदांची ५१ टक्के संमती, बिल्डरची २० टक्के बँक गॅरंटी वगैरे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातच वाचा. जुने २००९ चे निर्देश तो सहज मिसळून देतो.

मेल एआयकडून का नाही? फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये घासाघीस करायला शिकवलेले बॉट, नको असलेली वस्तू हवी असल्याचं सोंग आणून नंतर ती मोठ्या मनाने 'सोडून' द्यायला लागले होते. कुणी न शिकवता! जुन्या बाजारात हे चालेल. तुम्हाला मात्र याच बिल्डरच्या भरवशावर काही वर्षं भाड्याच्या घरात काढायची आहेत.

आणि सभासदांची नावं, आधार, करारनामे त्यात टाकू नका. फ्लॅट क्रमांकाऐवजी अ, ब, क लिहिलं तरी हिशेब तोच येतो.