ते जॅकेट घालत नाहीत, मी काय करू?

पत्र: माझे मिस्टर राष्ट्रीय रायफल्समध्ये नाईक आहेत, सध्या काश्मीरला. त्यांच्या तुकडीतल्या जोडीदारानं गस्तीवरचा फोटो पाठवला. बाकी सगळ्यांच्या अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, आमच्या ह्यांच्याच अंगात नाही. विचारलं तर म्हणाले, "ते घालून पळता येत नाही. आणि केडंब्याच्या ओंबळेंनी कुठं घातलं होतं?" तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. सासूबाई म्हणतात, गप बस, त्याचं डोकं खाऊ नकोस. त्यांच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना फोन करू का? लेक दीड वर्षाची आहे. – एक फौजीची बायको, कोरेगाव तालुका

पोरी, तुझी भीती रास्त आहे आणि तू गप बसू नयेस. पण सीओ साहेबांना फोन मात्र करू नकोस. आधी त्या जॅकेटात माणसाचं काय होतं ते समजून घे, नाहीतर तुमचं बोलणं रोज 'घाला' आणि 'बघू'वरच अडायचं.

जॅकेटाच्या आतला कापडी थर पिस्तुलाची गोळी आणि ग्रेनेडचे छर्रे अडवतो. रायफलच्या गोळीला तो पुरत नाही, तिला पुढं-मागं कडक प्लेट लागते आणि वजन तिचंच असतं. जुनी जॅकेटं दहा किलोच्या पुढची. लेकीला कडेवर घेऊन अजिंक्यतारा चढून बघ, साधारण तेवढं ओझं झालं. त्यावर रायफल, भरलेल्या मॅगझिन, पाणी, रेडिओ. घाम आतच कोंडतो, पट्टे खांद्यात रुततात. गाडीत बसलं की पुढची प्लेट वर सरकून हनुवटीखाली टोचते. रायफलचा दस्ता खांद्यात पक्का बसत नाही. सरपटताना अंग जमिनीला चिकटत नाही, आणि गोळीबारात वीतभर उंचीही महागात पडते.

म्हणजे 'पळता येत नाही' ही थाप नव्हे. चपळ राहिलो तर वाचेन, हा फौजीचा हिशेब असतो आणि काही वेळा तो बरोबरही ठरतो. कारगिलला १९९९ मध्ये १६ हजार फुटांवरचे कडे चढताना प्रत्येक किलोचा विचार करावा लागत होता. अधिकाऱ्यांचं आणखी एक कारण असतं. गावकऱ्यांशी बोलायला बसताना चिलखत अंगावर असलं की समोरचा मोकळं बोलत नाही. २००३ मध्ये इराकच्या बसरा शहरात ब्रिटिश सैनिकांनी हेल्मेटं उतरवून साध्या टोप्या घातल्या, त्या लोकांचा विश्वास मिळवण्यासाठीच.

शिवाय जॅकेटावरचा भरवसा. आपल्या फौजेसाठी १ लाख ८६ हजार जॅकेटांची मागणी २००९ मध्ये मंजूर झाली आणि त्यांचा करार व्हायला २०१८ चा एप्रिल उजाडला. एवढी वर्षं जुन्या, जड, मापात न बसणाऱ्या जॅकेटांवर भागवावं लागलं, याचा मला आजही संताप येतो. 'घातलं काय, न घातलं काय' ही वृत्ती अशा दिवसांतच मुरते.

पण एवढं सगळं मान्य करूनही तुझ्या मिस्टरांचं मला पटत नाही. कडा चढताना ओझं कमी करणं वेगळं आणि रोजच्या गस्तीवर अंगवळणी पडलं म्हणून न घालणं वेगळं. महिनोन् महिने काही घडत नाही, मग 'आजही काही होणार नाही' असं वाटायला लागतं. घात होतो तो तिथं.

आणि ओंबळेंचं नाव त्यांनी असं मध्ये आणायला नको होतं. तुकाराम ओंबळे आपल्या जावळीचे, फौजेतून येऊन मुंबई पोलिसात गेलेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीला त्यांच्या हातात फक्त लाठी होती. कसाबच्या रायफलची नळी धरून त्यांनी गोळ्या झेलल्या म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र मिळालं, आणि ते कमीच आहे. पण त्यांनी जॅकेट बराकीत काढून ठेवलं नव्हतं गं. जे हाती होतं तेवढ्यावर ते लढले. ज्याला जॅकेट मिळालंय त्यानं त्यांचा दाखला देऊन ते टाळू नये.

हे त्यांना सांग, पण भांडून नको. लेकीची शपथही घालू नकोस. शपथ घातलीस तर तुला खोटं सांगायला लागतील, एवढंच होईल. आधी साधं विचार: फोटोत नुकतंच काढलं होतं की निघतानाच घातलं नव्हतं? माप बसतं का? प्लेटा धड आहेत का? सिरॅमिकची प्लेट आपटली तर आतून तडकते आणि वरून कळतही नाही. गाडीतून जॅकेट खाली फेकायची सवय असते, तीही बंद करायला सांग. माप किंवा प्लेट चुकीची असेल तर आपल्या लष्करी कंपनीच्या स्टोअरला त्यांनीच बोलायचं. नाईकाचं ऐकतात.

मग हे विचार: "तुमच्या हाताखालची नवी पोरं तुमच्याकडं बघूनच काढतात ना?" स्वतःच्या जिवाबद्दल फौजी बेफिकीर असेल, पोरांबद्दल नसतो. या प्रश्नाला त्यांच्याकडं उत्तर नसेल.

सीओ साहेबांना फोन गेला तर चार माणसांत त्यांची मान खाली जाईल. पुढं ते तुला काहीच सांगणार नाहीत आणि तुझा जीव आणखी टांगणीला लागेल. सासूबाईंना मात्र हे पत्र वाचून दाखव. त्याही आईच आहेत, गप राहून त्यांना झोप लागत असेल असं मला वाटत नाही. तुम्ही दोघी एकाच सुरात बोललात तर ते जास्त ऐकतील.

एक सांगायचं राहिलं. जॅकेट घातलं तरी मान, काखा, मांड्या उघड्याच राहतात. त्यामुळं 'घातलं म्हणजे सुटलो' असं तूही धरू नकोस आणि रोज फोनवर उलटतपासणीही घेऊ नकोस. आठवड्यातून एकदा विचारलंस तरी पुरे.

आणि तो फोटो स्टेटसला ठेवला असशील तर आज, आत्ता काढ. मागचा डोंगर, पोस्टची भिंत, गाडीचा नंबर, कुणाला काय कळेल सांगता येत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला असेल तर तिथूनही काढायला लाव. जोडीदाराला म्हणावं, पुढच्या वेळी फोटो घरी सुट्टीवर आल्यावर दाखव.