गॅस संपला, की गळला?

प्रश्न : आमचा स्प्लिट एसी सुरू केल्यावर थोडा वेळ छान गार हवा देतो. मग हवेचा जोर कमी कमी होत जातो आणि खोली गार होतच नाही. बंद केला की आतल्या युनिटमधून पाणी ठिबकतं. मेकॅनिक म्हणतो, गॅस संपलाय. गेल्या वर्षीही त्यानंच भरला होता. पुन्हा भरून घ्यावा का? फिल्टर मी न चुकता धुते.

उत्तर : इतक्यात नको. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठून तरी गळलेला असतो, आणि गळती तशीच ठेवून गॅस भरणं म्हणजे पुढच्या वर्षीची भेट आजच ठरवून टाकणं.

तुमच्या वर्णनावरून आतल्या युनिटच्या कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पट्ट्यांच्या जाळीवर, बर्फ धरतोय. त्यानं पट्ट्यांमधल्या फटी बुजतात, म्हणून हवा मंदावते. एसी बंद केला की तो भराभर वितळतो आणि ट्रेमध्ये न मावलेलं पाणी खाली येतं. खात्री करायची तर जोर कमी झाल्यावर मेन स्विच बंद करा, झाकण उचलून फिल्टर काढा आणि टॉर्च मारा. पांढरा थर दिसेल. तो खरवडायला मात्र जाऊ नका. आतल्या नळीला भोक पडलं, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं व्हायचं! नुसत्या फॅन मोडवर ठेवला की बर्फ आपोआप वितळतो.

बर्फ धरतो तो बहुधा दोन कारणांनी: कॉइलवरून हवा कमी जाते किंवा नळ्यांत गॅस कमी असतो. फिल्टर तुम्ही धुता, पण ब्लोअर? हवा बाहेर येते त्या झडपेतून टॉर्चनं आत बघा. लांबट गोल पंखा दिसेल. त्याच्या पात्यांत काळा, चिकट थर बसला असेल, तर फिल्टर कितीही धुतलात तरी उपयोग नाही. ब्लोअर आणि कॉइल दोन्ही व्यवस्थित साफ करून घ्या. माझा पहिला संशय इथंच आहे.

त्यानंतरही बर्फ आला, तर बाहेरच्या युनिटच्या दोन तांब्याच्या नळ्या पाहा (युनिट हाताशी असेल तरच, खिडकीतून लोंबकळून नव्हे). एसी सर्वांत कमी तापमानावर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. जाड नळी गार आणि घामेजलेली असेल, तर गॅसची काळजी सहसा नसते. जाड नळी कोरडी, कोमट आणि बारीक नळीच्या नटावर पांढरा बर्फ, असं दिसलं तर गॅस कमी आहे असं समजा.

मग मेकॅनिकला आधी गळती दाखवायला सांगा. गॅसबरोबर कंप्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या यंत्राचं) तेलही झिरपतं, त्यामुळे नटाभोवतीचा तेलकट डाग पुष्कळदा जागा सांगून जातो. नाहीतर दाबानं नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायचा. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या करायच्या आणि युनिटच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. एसीत आर-32 जातीचा गॅस असेल, तर तो पेट घेऊ शकतो, तेव्हा तो नळ्यांत असताना झाळकाम (ज्योतीनं नळ्या सांधणं) अजिबात करू देऊ नका.

प्रश्न : बाहेरचा पंखा फिरतो, पण हवा साधीच येते. अधूनमधून घुंऽऽ आवाज येतो, मग ‘टक’ होऊन बंद. कंप्रेसर गेला का?

उत्तर : कंप्रेसर उठायला बघतोय, पण उठत नाही. साधा, म्हणजे इन्व्हर्टर (कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) नसलेला एसी असेल, तर आधी कपॅसिटर, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग, मोजून घ्या. तो बराच किरकोळ भाग आहे. व्होल्टेजही तपासा. आत स्वतः हात घालू नका, वीज बंद केल्यावरही कपॅसिटर झटका देतो.

प्रश्न : 16 वर ठेवला की खोली लवकर गार होते का?

उत्तर : साध्या एसीत नाही. तिथं कंप्रेसर एकतर पूर्ण चालतो, नाहीतर बंद असतो. इन्व्हर्टरमध्ये थोडाफार फरक पडेल. एसी नीट चालतोय का हे पाहायचं, तर थर्मामीटर घ्या. आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांत साधारण 8 ते 12 अंशांचा फरक पडत असेल, तर एसी ठीक आहे. तरीही खोली गार होत नसेल, तर तिची दारं-खिडक्या तपासा.