मुलगी शंभर मीटर धावते. अकरावीला काय करावे?

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहतो. माझे किराणा दुकान असून थोडी आंब्याची कलमे आहेत. मुलगी दहावीत आहे. यंदा शालेय स्पर्धेत शंभर मीटरमध्ये ती जिल्ह्यात पहिली आणि कोल्हापूरला झालेल्या विभागीय स्पर्धेत तिसरी आली. शाळेतील सरांनी तिची वेळ १२.७ सेकंद नोंदवली आहे. तिला पी. टी. उषा यांच्यासारखे व्हायचे आहे आणि दहावीनंतर सरावासाठी पुण्याला जायचे आहे. तिने चिपळूणला विज्ञान शाखा घेऊन पुढे नर्सिंग करावे, असे तिच्या आईचे म्हणणे आहे. नुसत्या धावण्यावर आयुष्य निघेल का?
– एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नुसत्या धावण्यावर आयुष्य निघत नाही, अगदी विजेत्यांचेही नाही. वेगवान धावपटूची खरी स्पर्धेची वर्षे दहा-बारा असतात आणि त्यातलीही एक-दोन दुखापतीत जातात. मात्र त्या वर्षांच्या जोरावर नोकरी, शिक्षण आणि पुढचा व्यवसाय उभा राहू शकतो. तेव्हा सध्या पुढच्या दोन वर्षांपुरताच विचार करावा, असे मी सुचवतो.

मुलीने ज्यांचे नाव घेतले आहे, त्यांचीच कारकीर्द आपण तिघांनी एकत्र बसून नीट पाहावी. उषा यांचा जन्म १९६४ चा. केरळच्या किनाऱ्यावरील पय्योळी या गावी त्या वाढल्या. १९७६ मध्ये केरळ सरकारने कन्नूर येथे मुलींसाठी निवासी क्रीडा विभाग सुरू केला, त्यात त्यांची निवड झाली आणि तेथे ओ. एम. नंबियार हे प्रशिक्षक त्यांना लाभले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी त्या शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीतच बाद झाल्या. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत शंभर आणि दोनशे मीटरमध्ये त्यांना रौप्यपदके मिळाली. १९८४ मध्ये महिलांची चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच घेतली जाणार होती; नंबियार यांनी आपल्या शिष्येला तिकडे वळवले आणि लॉस एंजेलिसला तिने ५५.४२ सेकंदांत चौथा क्रमांक मिळवला. तिसऱ्या धावपटूची वेळ ५५.४१ होती. पुढच्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उषा यांनी पाच सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक पटकावले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये मात्र टाचेच्या दुखापतीमुळे त्यांना प्राथमिक फेरीपुढे जाता आले नाही. संसार आणि मातृत्वानंतर त्या परतल्या आणि १९९८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, फुकुओका येथे आशियाई कांस्यपदके मिळवून गेल्या. पुढच्या काळात त्यांना रेल्वेच्या नोकरीचा आधार होता. २००२ मध्ये त्यांनी स्वतःची प्रशिक्षण शाळा सुरू केली.

या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शर्यत बदलण्याची तयारी. उषा शंभर मीटरला चिकटून राहिल्या असत्या, तर लॉस एंजेलिसची अंतिम फेरी त्यांना दिसली नसती. आपल्या मुलीनेही येत्या वर्षात दोनशे आणि चारशे मीटर, तसेच लांब उडी, स्पर्धेत उतरून अजमावून पाहावी. कोवळ्या वयातला वेग हा कच्चा माल असतो. तो कोणत्या प्रकारात कामी येईल हे सोळा-सतराव्या वर्षी कळू लागते.

आता वेळेविषयी. हातातल्या घड्याळावर घेतलेली वेळ नेहमी कमी भरते, कारण पिस्तुलाचा धूर दिसल्यावर बोट दाबायला क्षणभर लागतो. हाताने घेतलेली वेळ आणि स्वयंचलित विद्युत यंत्रणेने मोजलेली वेळ यांतला हा फरक शंभर मीटरसाठी ०.२४ सेकंद धरतात. म्हणजे आपल्या मुलीची विद्युत वेळ सुमारे १२.९४ होईल. पाठीमागून वारा सेकंदाला दोन मीटरहून अधिक असेल, तर वेळ विक्रमासाठी धरत नाहीत; दुपारनंतर समुद्राकडून सुटणाऱ्या वाऱ्यात काढलेली वेळ तर वहीतही वेगळी लिहावी. द्युती चंद हिने २०२१ मध्ये ११.१७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्या धावेत आपली मुलगी शेजारच्या मार्गिकेत असती, तर द्युती रेषेवर पोहोचली तेव्हा ती चौदा-पंधरा मीटर मागे असती. हे नाउमेद करण्यासाठी लिहिलेले नाही. खेड्यातल्या मैदानावर, बेताच्या सरावावर दहावीतल्या मुलीने ही वेळ काढणे चांगलेच आहे. जिल्ह्यात पहिली आल्याचा फ्लेक्स नाक्यावर लागला असेल तर तो खुशाल राहू द्यावा. फक्त त्यावरून पुण्याचा निर्णय घेऊ नये.

कोकणातल्या मुलांची एक अडचण घाटावरच्या प्रशिक्षकांना पटकन ध्यानात येत नाही. सड्यावरचे, म्हणजे कातळपठारावरचे, मैदान म्हणजे जांभ्यावर पसरलेली माती. त्यात स्टार्टिंग ब्लॉकचे (सुटताना पाय रोवायच्या आधाराचे) खिळे शिरत नाहीत, त्यामुळे मुले उभ्यानेच सुटायला शिकतात आणि सिंथेटिक ट्रॅकवर पहिल्या दहा मीटरांतच मागे पडतात. कठीण जमिनीमुळे नडग्या दुखतात त्या वेगळ्याच. शिवाय जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो आणि शालेय स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास सुरू होतात. ओहोटीच्या वेळी पुळणीच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर धावणे ताकदीसाठी चांगले आहे, पण उतरत्या वाळूवर एकाच दिशेने रोज धावल्यास घोट्यावर ताण येतो. जाताना धावावे आणि परतताना त्याच पट्ट्यावरून उलट दिशेने धावावे. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात दोरीउड्या, पायऱ्या आणि पोटापाठीचे व्यायाम नेमाने झाले, तरी मोठे काम होते.

पुण्याला जाणे चूक नाही. बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडचाचणीतून प्रवेश मिळाल्यास राहणे, जेवण आणि शिक्षण यांची सोय होते. चाचणीत निवड झाली, तर मुलीला नक्की पाठवावे. निवड झाली नाही आणि एखाद्या खाजगी अकादमीचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी तिच्या आईने स्वतः जाऊन दोन दिवस तेथे राहून पाहावे : प्रशिक्षकाने पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतली आहे का, मुलींच्या वसतिगृहात स्त्री अधीक्षक रात्री राहतात का, आणि गेल्या वर्षी सोडून गेलेल्या मुली का गेल्या. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना जो अडखळतो, त्याच्याकडे मुलगी ठेवू नये.

शिक्षणाच्या बाबतीत मी तिच्या आईच्या बाजूने आहे, पण पूर्णपणे नाही. अकरावीला विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र घेतल्यास नर्सिंग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही मार्ग खुले राहतात. मात्र नर्सिंगच्या पदवीत रुग्णालयातील कामाचे तास सक्तीचे असतात आणि दोन वेळचा सराव त्यात बसणे कठीण आहे, म्हणून तो निर्णय बारावीच्या निकालापर्यंत लांबणीवर टाकावा. तोपर्यंत विद्युत वेळ साडेबाराच्या आत आली किंवा चारशे मीटरमध्ये ती राज्यस्तरावर अंतिम फेरीत पोहोचू लागली, तर पदवी कला शाखेतून घेऊन धावणे पुढे न्यावे. तसे झाले नाही तर नर्सिंग. ही मोजपट्टी माझ्या अनुभवातून आलेली आहे, कुठल्या नियमातून नव्हे.

नोकरीचे म्हणाल, तर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि रेल्वे व पोलीस दलांतही खेळाडूंची भरती होते. साताऱ्याच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावल्या आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाल्या. या सवलतींसाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी कसून होते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र आणि निकालपत्रक आजपासून जपून ठेवावे.

आहाराबद्दल एवढेच, की घरची मासळी, नाचणी आणि कुळीथ तिला पुरेसे आहेत. हिमोग्लोबिन मात्र वर्षातून दोनदा तपासावे, कारण या वयातल्या मुलींची वेळ अडकते ती पुष्कळदा त्यामुळेच. व्यायामशाळेतला कुणी देतो म्हणून कसलीही पावडर घेऊ नये. ऑलिंपिकविजेती जमैकन धावपटू शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस हिला २०१० मध्ये दाढदुखीवर घेतलेल्या एका वेदनाशामक गोळीमुळे सहा महिन्यांची बंदी भोगावी लागली. डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधीच मुलगी स्पर्धक असल्याचे त्यांना सांगावे.

तातडीचे काम एकच आहे. दहावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत मिळण्यासाठी प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. आपली मुलगी कोणत्या स्तरावरील कामगिरीमुळे त्यास पात्र ठरते, हे उद्याच मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे.